दारवळातली पाणंद

बेळगाव ते निपाणी या टापूत आजवर जेवढे बांध कोरले गेले असतील, त्यातल्या प्रत्येक बांधागणिक माझ्या बायकोच्या मामांचा वैयक्तिक अपमान झालेला आहे. बांध कोरणं म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दर वर्षी नांगरताना बांधाच्या अंगाला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, जास्त घालायचा, वीतभर माती आपल्याकडे ओढायची, आणि शेजारी बोललाच तर बैल हूड होता म्हणायचं. आता बैल गेले आणि ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टर हूड होता असं म्हणता येत नाही, म्हणून ड्रायव्हर नवा होता असं म्हणतात. गावागावांत हे इतकं चालतं की त्याला कुणी चोरी म्हणत नाही. मामा म्हणतात. मोठ्यानं म्हणतात, आणि शक्यतो ज्यानं कोरलं त्याच्याच ओसरीवर बसून, त्याचाच चहा पीत म्हणतात.

मामा निपाणीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. निवृत्तीनंतर बेळगावात खासबागेत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. पंचाहत्तरी उलटली आहे. वर्गात ते शुद्ध मराठी बोलत आणि चिडले की गावाकडचं, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मी त्यांना ओळखायला लागल्यापासून ते गावाकडचंच बोलत आहेत. त्यांच्या रागाचं मूळ एका वाक्यात आहे. "जमिनीवर उभं ऱ्हाऊन जमीन दिसत न्हाय. मुंगीला सतरंजीची नक्षी दिसती व्हय?" जमीन वरून पाहायची असते. मग तिच्यावरच्या जुन्या गाडीवाटा, मोडलेले बांध, बुजवलेले चर, दोन गावांच्या मधल्या विसरलेल्या शिवा, सगळं हातावरच्या शिरांसारखं वर येतं. जिथून शेकडो वर्षं गाड्या गेल्या तिथली माती आत घट्ट बसलेली असते, तिथं पीक लवकर पिवळं पडतं. जिथं जुना चर बुजवलाय तिथं माती भुसभुशीत, ओल धरणारी, म्हणून पीक जास्त हिरवं. शेतात उभं राहिलं तर काही कळत नाही. आकाशातून फोटो काढला की रेघ दिसते. मामांची सगळी हयात या रेघांमागे गेली, आणि त्या रेघा कुणीतरी पुसल्या म्हणून भांडण्यात गेली.

मामांचं हे वेड मी वीस-पंचवीस वर्षं हसण्यावारी नेलं. आज हे लिहितोय ते हसवण्यासाठी म्हणून सुरू केलं असलं तरी मनात दुसरंच आहे, ते आधीच सांगून टाकतो. निपाणीजवळच्या आमच्या गावात ओढ्याकाठी एका म्हाताऱ्या माणसाचं दोन एकर शेत आहे. त्या शेताला जायला वाट नव्हती. ती का नव्हती हे मला ठाऊक होतं आणि तरी वाट नव्हतीच अशा कागदावर मी सही केली होती. ते शोधून काढलं मामांनी, आकाशातून. पण त्याआधी मामा कसे आहेत ते सांगायला हवं, नाहीतर त्या दिवशी ते गप्प बसले याचं मला काय वाटलं ते कळायचं नाही.

तर मामा साखर खात नाहीत. गूळही नाही. डॉक्टर त्यांचं कौतुक करतात, पण मधुमेहाशी याचा काही संबंध नाही. मामांचा राग उसावर आहे. ज्वारीत रेघ दिसते, भुईमुगात दिसते, तंबाखूत तर काढून ठेवल्यासारखी दिसते. पण ऊस एकदा उभा राहिला की खाली काय आहे ते वर्षभर कळत नाही. "ऊस म्हंजे मढ्यावर टाकलेली चादर हाय," असं त्यांनी एका साखर कारखान्याच्या संचालकाच्या घरी, त्याच्या मुलाच्या बारशाला, पेढा परत करताना सांगितलं. माझी बायको त्या दिवसापासून मामांना घेऊन बारशाला जात नाही.

लग्नाला नेणंही तिनं सोडलं आहे, पण ते फोटोंमुळे. मामांकडे जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोंचा एक गठ्ठा आहे. खडेबाजारातल्या एका रद्दीवाल्याकडे तो त्यांना मिळाला. कुठल्यातरी जुन्या मोजणीसाठी विमानातून काढलेले ते फोटो. कुणी काढले, कधी काढले, त्यावर शिक्का नाही. निपाणीतली एक तंबाखूची वखार त्यात अजून बांधलेली दिसत नाही, एवढ्यावरून मामा त्यांचं वय सांगतात. विमान पुढे सरकताना एकाच जागेचे दोन-दोन फोटो निघालेले आहेत. एका डोळ्यानं एक आणि दुसऱ्या डोळ्यानं दुसरा पाहिला की सपाट कागदातून टेकड्या वर येतात आणि विहिरी खाली जातात. त्यासाठी दोन भिंगांचं यंत्र लागतं. मामांनी ते बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि चष्म्याची दोन भिंगं घेऊन घरी केलं, आणि पुढे पुढे यंत्राशिवाय नुसते डोळे फाकवून पाहायचा सराव केला. मग तो सराव सुटेना. माझ्या मेव्हणीच्या लग्नात समोरच्या रांगेत दोन जावा एकाच ठाणातल्या सारख्या साड्या नेसून शेजारी शेजारी बसल्या होत्या. मामांनी एका डोळ्यात एक जाऊ धरली, दुसऱ्या डोळ्यात दुसरी, आणि पाच मिनिटं पापणी न हलवता पाहत राहिले. त्यांतल्या थोरलीचा नवरा बाह्या सरसावत उठला. मामा त्यालाच आनंदानं म्हणाले, "काठ वर उठला बघा! अर्धा इंच!"

बेळगावहून निपाणीला मामांबरोबर बसनं जाणं ही एक शिक्षा आहे. खिडकी त्यांना हवी असते, आणि खिडकीबाहेर जे जे म्हणून बिघडलेलं आहे त्याचा जाब ते शेजाऱ्याला विचारत असतात. एकदा संकेश्वरच्या अलीकडे ते ताडकन उभे राहिले आणि ओरडले, "हितनं वाट हुती! हितनंच हुती!" कंडक्टरला वाटलं, म्हाताऱ्याचा स्टॉप चुकला. त्यानं शिट्टी मारली, बस थांबली, आणि "इळीरी अज्जा, लगून इळीरी" म्हणून त्यानं मामांची पिशवीही खाली ठेवली. मामा उतरले. संतापाच्या भरात माणूस दार उघडं दिसलं की उतरतोच. पण उतरल्यावर ते परत चढले नाहीत. त्या नसलेल्या वाटेनं चालत तिसऱ्या गावाला निघाले आणि संध्याकाळी तिथून आम्हाला फोन केला. "आलो की न्हाय बराब्बर? आता म्हणा वाट नव्हती म्हणून!"

पण सगळ्यांत गाजलेली गोष्ट पाण्याच्या टाकीची. हिवाळ्यात सकाळी ऊन तिरपं असतं तेव्हा बोटभर उंचवट्याचीही सावली पडते, आणि मोडलेले बांध त्या सावलीत दहा-पंधरा मिनिटं दिसून जातात. त्या दहा मिनिटांसाठी मामा कोगनोळीच्या बाजूच्या एका गावात पहाटे टाकीवर चढले. आमच्या भागात टाकीवर माणूस चढला म्हणजे सीमाप्रश्न, यात कुणालाही शंका येत नाही. अर्ध्या तासात खाली दोनशे माणूस जमलं. कुणी मराठीत घोषणा सुरू केल्या, मग पलीकडून कुणी कन्नडात सुरू केल्या. एक जण हार घेऊन आला, कुठल्या बाजूचा होता ते अजून कळलेलं नाही. शेवटी पोलीस आले आणि साहेबांनी हाताचा कर्णा करून विचारलं, "मागणी काय आहे तुमची?" वरून उत्तर आलं, "सूर्य धा मिंटं हितंच थांबू दे!"

एक प्रसंग मात्र हसून सांगता येत नाही. पावसानं पाठ फिरवलेल्या एका वर्षी मामा रोज बाहेर पडत, कारण पीक वाळायला लागलं की रेघा सगळ्यांत स्पष्ट दिसतात. एका टेकाडावरून खाली पाहताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा! काय सुंदर करपलंय!" शेताचा मालक मागेच उभा होता. तो हातातला विळा खाली ठेवून बांधावर बसला. मामा घरी आले ते तोंड लपवून. दोन दिवस जेवले नाहीत. बायको डबा घेऊन गेली तर म्हणाले, "माझ्या जिभंला डाग द्या गं." तिसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली आणि हळूच मला म्हणाले, "तरीबी जावई, रेघ काय आलती म्हणून सांगू!"

आता माझं सांगतो. मी एका सरकारी कचेरीत नकाशे उतरवण्याचं काम करतो. कुठल्या ते सांगत नाही, कारण चूक कचेरीची नव्हती, माझी होती. या नोकरीमुळे मामा मला फार मानत. "आमच्या घरात डोळं असलेला एकच माणूस," असं ते माझी ओळख करून देताना म्हणत, आणि मी ते खालमानेनं ऐकून घेत असे.

गावाकडची शेती माझा थोरला भाऊ पाहतो. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. आमच्या एका शेताचं नाव दारवळ. दारवळाच्या पलीकडे, ओढ्याकाठी, आप्पांचं दोन एकर. आप्पा बौद्ध वस्तीतले. तरुणपणी ते आमच्याच घरी सालानं राबत. त्यांची मुलगी शिकली, आज निपाणीत एका हायस्कूलची मुख्याध्यापिका आहे; माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मी तिला आक्का म्हणतो. बापलेकीनं मिळून ते शेत घेतलं तेव्हा दारवळाच्या कडेनं पाणंद होती. दोन्ही अंगांना घायपाताचं कुंपण आणि मधून एक बैलगाडी जाईल एवढी वाट. ती मी लहानपणी पाहिली आहे. मग आमच्या विहिरीवर पंप बसला, ऊस आला, आणि माझ्या वडिलांनी दर वर्षी एक-एक तास जास्त घालत ती पाणंद खाल्ली. शेवटी उरला एक पायबांध. आप्पा त्यावरून जात राहिले, डोक्यावर बियाणं, डोक्यावर खत, डोक्यावरूनच शेंगांची पोती. आता त्यांचे गुडघे गेले. तीन वर्षं त्यांनी स्वतःचं शेत पाहिलेलं नव्हतं. वाट असती तर आक्कानं त्यांना गाडीत घालून नेलं असतं. वाट मोकळी करून मिळावी म्हणून तिनं अर्ज केला. जागेवर पाहणी झाली. तलाठ्यानं विचारलं, इथून पूर्वी वाट होती का? अण्णा म्हणाला, न्हाय. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण उताऱ्यावर माझंही नाव आहे. मी घायपाताचा विचार केला, आणि अण्णाचा केला, ज्यानं मला शिकवलं आणि स्वतः चिखलात राहिला. कागदावर कन्नडात लिहिलं होतं, 'दारी इल्ला'. वाट नाही. त्याखाली मी सही केली. आक्का समोर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पेन चालतंय न्हवं रं?"

मामांना यातलं काही माहीत नव्हतं. पाच-सहा महिन्यांनी एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि खोक्याच्या यंत्राखाली दोन फोटो सरकवले. "बघा. आणि मला सांगा, कुठलं गाव हे?" मी डोळे लावले. थोडा वेळ दोन चित्रं एकमेकांवर हलत राहिली, मग एकदम बसली, आणि आमचं गाव कागदातून वर आलं. आमची विहीर खोल गेली. चिंच वर आली. वस्तीपासून ओढ्यापर्यंत, दारवळाच्या कडेकडेनं, एक फिकट रेघ गेली होती, जराशी खोलगट, दोन्ही बाजूंना काळ्या ठिपक्यांची रांग. ते घायपात होते.

"काय दिसतंय?"

"पाट असेल ओढ्याचा," मी म्हणालो.

"पाटाला दोन चाकोऱ्या असत्यात व्हय, जावई? नीट बघा. पाणंद हाय ती. कुणीतरी गिळलीया. कुठल्या गावचा भडवा हाय तेवढं सांगा फक्त, बाकीचं मी बघतो."

दिवसभर नकाशे उतरवणाऱ्या माणसानं स्वतःचं शेत समोर असताना सांगितलं, "ओळखू येत नाही मामा." मामांच्या लेखी नसलेलं दिसलं म्हणणं हे एक पाप आहे आणि असलेलं दिसलं नाही म्हणणं हे दुसरं, पण दुसरं पाप डोळे असलेला माणूस करील असं त्यांच्या मनातही आलं नाही. ते म्हणाले, "जुना फोटो हाय, चालायचंच," आणि मला चहा केला. त्यात माझ्यासाठी साखर घातली. घरात साखर ठेवत नाहीत ते. खाली दुकानात जाऊन पुडी घेऊन आले होते. तो चहा मी प्यायलो.

पुढच्या रविवारी सकाळी बेळगावात आमच्या दारात आक्काची गाडी उभी राहिली आणि तिच्यातून मामा उतरले. मधल्या आठवड्यात ते फोटो घेऊन निपाणीच्या आसपासची सात गावं पायी हिंडले होते. आठवं आमचं. वस्तीत आप्पांच्या कट्ट्यावर त्यांनी फोटो ठेवला, आणि आप्पांनी विहीर ओळखली.

मामांनी चप्पल काढली नाही. आई तेव्हा आमच्याकडे राहायला आलेली होती. फोटो तिच्यापुढे ठेवून मामांनी विचारलं, "विहीणबाई, ही तुमची विहीर, ही चिंच, हा वढा. मग ह्या शेताचं नाव काय?"

आईनं चष्मा पुसून पाहिलं. "आगं बाई! हे तर आमचं दारवळ!"

"दारवळ का म्हणत्यात?"

आई पदर तोंडाला लावून हसली. "सांगू नगा कुणाला पाव्हणं. ह्यांचं एक चुलतं हुतं. दारू पिऊन तितंच पडायचं. म्हणून दारवळ."

ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला होते. त्या चुलत आजोबांची नक्कल करून अण्णा सगळ्यांना हसवतो. मीही हसत आलो आहे.

आक्का हळूच म्हणाली, "काकू, त्या बिचाऱ्यावर उगंच आळ आला बघा. दारू न्हवं. दारी. दारी होल. कन्नड हाय ते. वाटंचं शेत. आमचं आप्पा अजून दारी होलच म्हणत्यात."

कचेरीत मी दिवसातून दहा वेळा कन्नडात 'दारी' असं लिहितो. बाजारात, बँकेत, बसमध्ये आम्ही सगळेच कन्नड बोलतो, आणि उंबऱ्याच्या आत आलो की कानाला कुलूप लावतो. आमच्या शेताला त्याच्या वाटेचं नाव होतं. ते नाव आम्ही रोज घेत होतो. आणि त्याच शेतात उभं राहून 'दारी इल्ला' याखाली मी सही केली होती. कुणी कागद बनवले नव्हते, कुणी धमकावलं नव्हतं. मला आजही राग येतो तो दुसऱ्या कुणाचा येत नाही.

मामा माझ्याकडे वळले. मी अंग चोरलं. पंचवीस वर्षांत मी त्यांना संचालकावर, कंडक्टरवर, उसावर, सूर्यावर ओरडताना पाहिलं होतं; आता माझी पाळी आहे हे मला कळलं, आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं.

"जावई, गेल्या ऐतवारी तुमास्नी हे दिसलं हुतं?"

"व्हय."

"शेत वळखलं हुतं?"

"व्हय मामा. सहीपण माझीच आहे."

ते ओरडले नाहीत. फोटो त्यांनी रुमालात गुंडाळला, आक्काला म्हणाले, "चला बाई," आणि जिना उतरून गेले. माझी बायको त्यांच्यामागे धावली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात मामांना दिलेला पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि तहसीलदार कचेरीत जाऊन आधीचा जबाब खोटा होता असं लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "घरात भांडण झालं काय?" मी म्हणालो, अजून नाही, आता होईल. झालंच. अण्णानं मला शेताच्या कडेला उभं करून जे बोलायचं ते बोलून घेतलं. "तू बेळगावात पंख्याखाली बसून पुण्य कर, आणि ऊस माझा तोड! कुठल्या म्हाताऱ्याच्या फोटूवर व्हय रं?" त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येईना. पुण्य मी त्याच्या जमिनीतून करत होतो. आणि साहेबांनीही सांगून ठेवलं होतं की बिनशिक्क्याचा फोटो चालणार नाही. दोन्ही भावांचा जबाब एक असला तरच हे लवकर मिटेल.

मी मामांना चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं नाही. पण ऊस तुटून गेल्यावर, बुडख्यांतून खोडव्याचे कोंब फुटले तेव्हा, एका सकाळी ते आपण होऊन गावात हजर झाले. माझ्याशी बोलले नाहीत. अण्णाशीही नाही. शिडी मागितली आणि पंपाच्या खोलीवर चढले.

"काय बघायलंय हे म्हातारं?" अण्णा मला म्हणाला. बऱ्याच दिवसांनी तो माझ्याशी बोलत होता, तेही चिडून.

वरून मामांनी हाक मारली. "ए आण्णा! त्या कोपऱ्यापासनं ह्या चिंचंपतोर, आठ-धा पावलांच्या पट्ट्यात ऊस ढिला येतोय का न्हाय तुझा?"

अण्णा दचकला. "तुमाला कुणी सांगितलं?"

"खत घालतोस तितं जादा?"

"दुप्पट घालतोय! खतवाल्याशी दर साली भांडतोय, भेसळ करतोस म्हणून!"

"मग आज त्याच्या पाया पड जाऊन. बिचाऱ्याला फुकट शिव्या. आरं, किती पिढ्यांच्या गाड्या गेल्यात त्यावरनं, तुझ्या दोन पोत्यांस्नी ती माती काय ऐकत्या? कुदळ मारून बघ."

अण्णानं कुदळ आणली. आधी पट्ट्याच्या बाहेर मारली, ती सहज आत गेली. मग पट्ट्यात मारली. वीतभर गेली आणि खण्ण वाजून उडाली. त्यानं तीन ठिकाणी मारून पाहिलं.  जमीन तीस वर्षं त्याच्याशी का भांडत होती ते तिनंच त्याला आज सांगितलं होतं.

"कोरलं ते माझ्या बापानं," तो म्हणाला. "मी न्हाय कोरलं."

"मग तू सोड की," मामा वरून म्हणाले. आवाजात राग नव्हता.

अण्णानं आठवडा घेतला, घरात सगळ्यांशी भांडला, आणि जबाब दिला. आप्पांसाठी दिला असं तो अजून म्हणत नाही. तिथं ऊस धरत नव्हता म्हणून दिला, असंच सांगतो. सांगू दे.

वाट मोकळी झाली त्या दिवशी मामा सकाळपासून जेसीबीवाल्याच्या मागे होते. मुरूम टाकल्यावर जुन्या चाकोऱ्या कायमच्या झाकल्या जाणार, म्हणून त्याच्याशी त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. "आरं, वर पातळ पसर की! सिमेंटचा रोड करायलाय व्हय?" तो बिचारा म्हणाला, "अज्जा, तुमचीच वाट, तुमीच आडवं पडा." मला बरं वाटलं. मामा पुन्हा ओरडत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "बघताय काय जावई, त्या टोकाला थांबा, न्हायतर हा गडी बांधाचा दगुड उचलंल." इतक्या महिन्यांनी ते माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

अकराच्या सुमाराला आक्काची गाडी आली. पुढच्या सीटवर आप्पा, धुतलेलं धोतर, डोक्याला पटका. काच खाली करून ते सगळी वाट दोन्ही बाजूंना पाहत आले, आणि शेताच्या तोंडाशी आक्कानं दार उघडलं तरी उतरेनात. मामा दाराशी गेले. मीही मागे उभा होतो.

"हितनंच गाडी जायाची, मास्तर," आप्पा म्हणाले. "गाडीत थोरलं धनी. मी मागनं चालत. रोज." मग त्यांनी हात पुढे केला. "तो फोटू हाय न्हवं तुमच्यापाशी?"

मामांनी रुमाल सोडून फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. आप्पांनी बोट त्या फिकट रेघेवरून वस्तीपासून ओढ्यापर्यंत नेलं आणि परत आणलं. "इमान वरनं गेलं तवा मी हितं कुटंतरी आसंन की. रोजच आसायचो. मी दिसतो व्हय ह्यात?"

त्या फोटोत माणूस दिसत नाही. माणूस सोडा, गाडीसुद्धा दिसणं कठीण. एवढ्या उंचीवरून मोठं झाड तिळाएवढं येतं. मामांना हे माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्यांनी खिशातून भिंग काढलं, गाडीच्या दारात गुडघ्यावर बसले आणि फोटोवर वाकले.  मुरमाची धूळ अजून खाली बसत होती.

"हाईसा की," ते म्हणाले. "हे बघा, हितं. चिंचंच्या जरा फुडं."

आप्पा खाली वाकले. त्यांच्या डोळ्यांना ते भिंगातूनही दिसत नव्हतं. "चाललोय का मागनं?"

"छे," मामा म्हणाले. "गाडीत बसलाय. कासरा तुमच्या हातात हाय."